सूत, सूत्र आणि देवळाचं छत

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आई न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, काही दिवसांनी तिला घरी आणली, आणि 'दोन आठवडे राहून येते' असं सांगून मोहोळला गेलेली मी चांगले अडीच महिने राहिले. लग्नानंतर माहेरी इतकी सलग कधीच राहिले नव्हते.

दादा-वहिनी दोघंही नोकरीवाले. दिवसभर घरात मी, आई, आईचा वॉकर आणि दादाचा मुलगा. तो सहावीतून सातवीत जाणार होता. बाकी सगळे विषय झकास, भूमिती म्हटली की पोटात दुखायचं. मी पुण्यात बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय हे वहिनीच्या लक्षात होतंच. "ताई, सुट्टी आहे तोवर तेवढं त्याचं भूमितीचं बघा की." झालं. आठवडाभरात गल्लीतली आणखी सहा पोरं ओसरीवर येऊन बसायला लागली. भाचा मला आत्या म्हणतो म्हणून सगळ्यांची मी आत्या.

त्यात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, वडील गवंडी, आई शिलाईकाम करते. मुलगी हुशार, पाढे घडाघडा, पण कोनमापक हातात घेतला की गडबड. कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा असतात ना, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, त्यातली नेमकी चुकीची वाचायची. कोन समोर दिसतोय लघुकोन, तोंडाने म्हणतेय "लघुकोन", आणि वहीत लिहितेय 120 अंश. मी तीन वेळा समजावलं. चौथ्या वेळी माझा आवाज चढला. ती खाली बघून खोडरबर घासत राहिली.

रात्री वाटलं, चूक माझीच आहे. या मुलांसाठी कोन म्हणजे कागदावरच्या दोन रेघा आणि प्लॅस्टिकचा एक अर्धगोल. तो कोन खरोखर कुठे लागतो, कशासाठी लागतो, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. मग मला आमच्या लहानपणीचं देऊळ आठवलं.

मोहोळ म्हटलं की लोकांना नागनाथ आठवतो. मी म्हणतेय ते ते देऊळ नव्हे. थोडं बाहेरच्या बाजूला एक लहानसं जुनं दगडी देऊळ आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात देवळाचा काही दोष नव्हता. हेमाडपंती म्हणतो तसलं, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं. लहान असताना उन्हाळ्यात आम्ही तिथे गार फरशीवर उताणं पडून छत बघायचो. चार खांबांवर चार तुळया, म्हणजे एक चौरस. त्याच्या चारी कोपऱ्यांवर चार तिरक्या शिळा ठेवल्यात. त्यामुळे मधे जी जागा उघडी राहते तीही चौरसच, पण फिरलेली. तिच्या कोपऱ्यांवर पुन्हा चार शिळा, पुन्हा लहान चौरस, सरळ. शेवटी उरलेल्या जागेवर एकच शिळा, तिच्यावर कमळ कोरलेलं.

हे का करतात ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. मोठी जागा झाकायला तेवढी मोठी अखंड शिळा मिळत नाही आणि मिळाली तरी स्वतःच्या वजनाने मधेच मोडते. म्हणून कोपरे खात खात भोक लहान करत जायचं. पहिल्या चौरसाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की आतला चौरस क्षेत्रफळाने बरोबर निम्मा होतो. पुन्हा तेच केलं की पाव. बाजू मात्र दोन पायऱ्यांनंतर निम्मी. सातवीच्या मुलाला शिकवायला याहून चांगलं चित्र कुठलं?

तर मी वरात घेऊन निघाले. सात पोरं, पाण्याच्या बाटल्या, वह्या. मी भलतीच खूश. देवळाशी पोचलो, पोरांनी चपला काढल्या आणि धावत आत. ती मुलगी पायरीपाशी थांबली.

"आत्या, मला आत यायला चालतं का?"

आता खरं काय ते लिहिते. मी लगेच 'ये की' म्हणाले नाही. मी मागे वळून बघितलं. आत कोण आहे, कोण बघतंय, कोणी काही म्हणेल का. दोन सेकंद, फार तर तीन. मग म्हणाले, "ये ना, त्यात काय!" पण मुलांना असले दोन सेकंद मोजता येतात. ती म्हणाली, "नको. मी चपला सांभाळते."

आणि ती बाहेर पायरीवर बसली. मी आत जाऊन सहा मुलांना छत दाखवलं, मध्यबिंदू दाखवले, सगळं समजावलं. काय बोलत होते देव जाणे. निघताना मोबाइलवर छताचा फोटो काढून तिला दाखवला. तिने नीट पाहिला, "छान आहे" म्हणाली.

संध्याकाळी आईला सांगितलं. आईने पलंगावर पडल्या पडल्या ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पोरांना भूमिती दाखवायला नेलंस का देव दाखवायला?"

"भूमिती."

"मग भूमिती काय तिथंच आहे व्हय?"

थोड्या वेळाने ती आपणहून आजीचं सांगायला लागली. आजी पंढरपूरची. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलाचं देऊळ सर्वांना उघडं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं, 1 ते 10 मे. त्या दिवसांत घरोघरी नुसती तीच चर्चा. आजी तेव्हा तरुण सून. तिला म्हणे एकच प्रश्न पडला होता आणि तो विचारायची सोय नव्हती: जे आत आले नाहीत त्यांनी इतकी वर्षं कळसाकडेच बघून नमस्कार केला, तर आतल्यांनी काय जास्त पाहिलं? एवढं सांगून आई झोपली. मला मात्र झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या बंद. सगळ्यांना परसात बोलावलं. आमचं परस मोठं आहे, एका कोपऱ्यात लिंब, बाकी मोकळी माती. सांगितलं, आपण देऊळ बांधायचं नाही, पण बांधणारा पहिल्या दिवशी जे करतो ते करायचं. सामान काय? एक दोरी, चार खुंट्या, एक काठी.

देवळं बांधणाऱ्या मुख्य कारागिराला जुना शब्द आहे 'सूत्रधार'. आपल्याला तो नाटकातला माहीत असतो. पण शब्दाचा सरळ अर्थ, सूत धरणारा. आणि त्याहूनही जुने, यज्ञाच्या वेदी आखायचे जे ग्रंथ आहेत, अडीच हजार वर्षांहून जुने, त्यांचं नाव शुल्बसूत्रं. शुल्ब म्हणजे दोरी. आपण वर्गात मुलांकडून 'सूत्र' पाठ करून घेतो, क्षेत्रफळाचं सूत्र, परिघाचं सूत्र. त्या शब्दातलं सूत मुलांच्या हातात कधी देतच नाही. बावीस वर्षं मीही दिलं नव्हतं.

"आता या दोरीने मला काटकोन काढून द्या. गुण्या वापरायचा नाही, कोनमापक वापरायचा नाही."

सगळे गप्प. भाच्याने पुस्तकाचा कोपरा ठेवून बघितला (हुशारी!). मग ती मुलगी हळूच म्हणाली, "अब्बा तीन-चार-पाच करतात."

"करून दाखव."

तिने दोरी मागितली, वितीने मोजून तिला बारा सारख्या भागांच्या गाठी मारल्या, टोकं जोडली. एकाला तिसऱ्या गाठीशी धरायला लावलं, दुसऱ्याला तिथून पुढच्या चौथ्या गाठीशी, तिसरं टोक स्वतः धरून ताणलं. तीन, चार, पाच. मातीत काटकोन. मी वर गुण्या ठेवून बघितला, बसला. तिने माझ्याकडे बघून अगदी गवंड्याच्या थाटात सांगितलं, "गुण्यात हाय." सगळी पोरं हसली, तीही हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

मग मी सांगितलं की बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम आहे आणि जोड्याही दिल्यात, 3 आणि 4, 12 आणि 5, 15 आणि 8, 7 आणि 24. सातवीच्या पुस्तकात हाच पायथागोरसचा सिद्धांत म्हणून भेटेल. नाव कुणाचंही घ्या, पण आज मोहोळमध्ये घराचा पाया आखताना तो रोज वापरला जातो. ज्या मुलीला मी भूमिती येत नाही म्हणून रागावले होते तिच्या घरात ती रोज डब्याबरोबर कामावर जात होती.

पुढचा प्रयोग उन्हाचा. दिशा कशी ठरवायची? जुनी रीत अशी. जमीन सपाट करायची, मधोमध काठी उभी रोवायची, ओळंब्याने सरळ आहे ना बघायचं (ओळंबा कुणाच्या घरून आला ते सांगायला नको), आणि काठीच्या बुडाशी केंद्र धरून दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावली लांब असते, हळूहळू आखडत येते. सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण करायची. दुपारनंतर ती पुन्हा लांबते, पुन्हा वर्तुळाला शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. मोहोळच्या रणरणत्या उन्हात पोरांनी लिंबाखाली बसून पाळ्या लावल्या. काठीच्या उंचीएवढीच त्रिज्या घेतली होती. सकाळी सव्वानवाच्या सुमारास पहिली खूण, दुपारी साडेतीनच्या सुमारास दुसरी. मेचा दुसरा आठवडा होता, त्यामुळे एक मजा फुकटात मिळाली. दुपारी बारा चोवीसच्या आसपास काठीची सावलीच नाहीशी झाली. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मोहोळला तो एकदा या आठवड्यात आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. आई खिडकीतून ओरडली, "अगं बाहुल्या कुठं गेल्या बघा रे!" पोरं आपापल्या पायाखाली सावली शोधत नाचत होती.

खुणा जोडल्यावर मात्र तक्रार आली. "आत्या, रेघ काठीतून जात नाही!" खरंच, रेघ काठीच्या थोडी दक्षिणेकडून गेली होती. मला हेच हवं होतं. दोन्ही खुणांवरून दोरीने सारखे कंस काढायला लावले. ते एकमेकांना छेदले की माशासारखा आकार होतो, जुन्या ग्रंथांत त्याला मासाच म्हटलंय. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत दोरी ताणली, ती उत्तर-दक्षिण रेषा. आणि ती बरोबर काठीच्या बुडातून गेली. जीवेचा लंबदुभाजक वर्तुळाच्या केंद्रातून जातो. हे वाक्य मी वर्गात हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल. त्या दिवशी ते सात मुलांनी पायाने चालून बघितलं.

आता पूर्व मिळाली. मी सांगितलं, बहुतेक देवळांचं तोंड पूर्वेला असतं, उगवता सूर्य गाभाऱ्यात यावा म्हणून. आणि मी पुढे जाणार एवढ्यात ती म्हणाली, "आमच्यात पश्चिमेकडे तोंड करतात."

पुन्हा एक क्षण. पण या वेळी मी मागे वळून बघितलं नाही.

"पश्चिमेकडे कशासाठी?"

"काबा तिकडं आहे म्हणून."

"बरोबर पश्चिमेला आहे का?"

तिला माहीत नव्हतं, मला तरी कुठे माहीत होतं! रात्री अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलं. मोहोळहून मक्केची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण 12 अंश येते. दुसऱ्या दिवशी तिला मोठा लाकडी कोनमापक दिला (दादाने शाळेतून उसना आणला होता) आणि म्हटलं, आपल्या पश्चिम रेषेपासून उत्तरेकडे 12 अंश मोज. तिने कोनमापक ठेवला. दोन रांगा. एकीत 12, दुसरीत 168. जरा थांबली, रेषेकडे बघितलं, मग म्हणाली, "168 कसं असेल, ते तर पार पूर्वेकडे वळलं." आणि 12 वर खुंटी ठोकली. त्यानंतर तिने एकदाही चुकीची रांग वाचली नाही. कोन म्हणजे कुठल्या रेषेपासून किती वळायचं हे एकदा अंगात उतरलं की आकड्यांच्या रांगा फसवत नाहीत.

एकच काठी, एकच सूर्य, एकच पूर्व-पश्चिम रेषा. त्या रेषेवरून कुणी पूर्वेला तोंड करतो, कुणी बारा अंश वळतो. रेषा काढेपर्यंत कुणालाच बाहेर बसावं लागत नाही.

मग आम्ही जमिनीवर देवळाचा आराखडा काढला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, देवळासाठी 64 घरांचा चौरस सांगितलाय, आठ बाय आठ. माप इतकं सोपं की मुलं हरखली. रुंदी 8 तर उंची त्याच्या दुप्पट, 16. गाभारा रुंदीच्या निम्मा, 4. बाकी चारी बाजूंनी भिंत, म्हणजे प्रत्येक बाजूला 2. दार गाभाऱ्याच्या पाव, म्हणजे 1, आणि उंची त्याच्या दुप्पट, 2. अपूर्णांकच नाही. आईने पलंगावरून सूचना दिली की आधी ठिपके द्या म्हणजे चुकणार नाही. रांगोळीच्या ठिपक्यांची तिला कोण शिकवणार! नऊ बाय नऊ ठिपके आईच्या मार्गदर्शनाखाली पडले आणि 64 घरं तयार झाली.

"गाभारा किती घरांचा?"

"सोळा."

"चौसष्टातले सोळा म्हणजे?"

"पाव." आणि भाच्याने लगेच पुढे जोडलं, "म्हणजे देवाला पाव आणि भिंतीला पाऊण!"

बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ पाव होतं, हे त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. झालेही. पण ते वाक्य डोक्यात दुसरीकडेच जाऊन बसलं. आमच्या परसातल्या देवळाला मात्र भिंत नव्हती, नुसती रेघ होती. सातही जण गाभाऱ्यात मांडी घालून बसले होते आणि कैऱ्या खात होते.

एक गोष्ट मी ठरवून टाळली. देवळांबद्दल बोलताना 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' ही गाडी फार लवकर सुटते. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, शके 940 म्हणजे इ.स. 1018 च्या मराठी शिलालेखासाठी प्रसिद्ध. तिथे 1999 साली उत्खननात एक शिवलिंग सापडलं, त्यावर 359 मुखं कोरलेली आहेत. खुद्द लिंग धरून 360 मोजतात. आमच्यातला एक मुलगा तिथे जाऊन आला होता. त्याने विचारलं, "आत्या, वर्तुळाचे 360 अंश म्हणूनच ना?" मोह झाला 'हो' म्हणायचा. पण आकडा सारखा आला म्हणून कारण सारखं होत नाही. वर्तुळाचे 360 भाग करायची रीत बाबिलोनच्या ज्योतिषांकडून ग्रीकांकडे आणि तिथून जगभर गेली, एवढं मी सांगितलं. तो जरा हिरमुसला. मग खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचा फोटो दाखवला, वर आकाशाला उघडं गोल छत आणि त्याखाली वर्तुळात बारा खांब. दोन खांबांमधला केंद्राशी होणारा कोन किती? त्याने सगळ्यांच्या आधी 30 सांगितला आणि रुसवा गेला.

अर्थांचं तसंच. आपण सहज म्हणतो, चौरस म्हणजे पृथ्वी, वर्तुळ म्हणजे आकाश. पण वैदिक यज्ञात नेमकं उलट आहे. गोल गार्हपत्य अग्नी पृथ्वीचा आणि चौरस आहवनीय स्वर्गाचा. कुणाचं खरं? दोन्ही त्यांच्या त्यांच्या जागी. माणसं आकारांना अर्थ देतात आणि काळानुसार बदलतात. मध्यबिंदू जोडल्यावर आतला चौरस निम्मा होतो, तो मात्र कुणाच्याही राज्यात निम्माच राहतो. मुलांना मी अर्थ सांगितले, पण 'असं मानतात' म्हणून सांगितले, आणि निम्मा होतो ते कागदाचे चारी कोपरे मध्यावर दुमडून त्यांच्याकडूनच सिद्ध करून घेतलं.

मेच्या शेवटी ठरवलं, विजापूरला (आता विजयपूर) जायचं, गोलघुमट बघायला. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. दादाने एक क्रूझर ठरवली. तर एका मुलाच्या आजीने नकार कळवला. "थडगं आहे ते. तिथं कशाला पोरांना?" मला हसू आलं आणि लगेच थांबलं. देवळाच्या पायरीवर चपला सांभाळत बसलेली ती मुलगी आठवली. मी स्वतः त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "आजी, मी छत दाखवायला नेतेय." (हे वाक्य आईचंच, थोडं फिरवून.) आजींनी अर्धा तास मला पडताळून पाहिलं आणि शेवटी दशम्यांचा डबा बांधून दिला.

1656 मध्ये मोहम्मद आदिलशहा वारला तेव्हापासून तो तिथे निजलाय. आतलं दालन चौरस, बाजू सुमारे 41 मीटर, मधे एकही खांब नाही, आणि वर घुमट, बाहेरून व्यास सुमारे 44 मीटर. पोरांनी आधी आरडाओरडा करून प्रतिध्वनी ऐकले, ते होणारच होतं. मग मी म्हटलं, आता वर बघा. चौरस खोलीवर गोल घुमट कसा बसवला?

बराच वेळ कुणी बोललं नाही. आणि मग ती मुलगी, मान मागे टाकून, बोटाने हवेत रेघा काढत म्हणाली, "आत्या, इथं पण दोन चौरस. एक सरळ, एक फिरवलेला."

अगदी तेच. भिंतींपासून आठ मोठ्या कमानी निघतात आणि एकमेकींना छेदत जातात, जणू दोन चौरस एकमेकांत फिरवून ठेवलेत. त्यातून आठ कोनांची चांदणी तयार होते, कोपरे भरून निघतात आणि घुमटाला बसायला बैठक मिळते. आपल्या देवळातल्या शिळा सपाट ठेवलेल्या, इथल्या कमानी वळवलेल्या. बांधणारे वेगळे, काळ वेगळा, कौशल्य वेगळं. पण अडचण दोघांची एकच, मोठी चौकोनी जागा डोक्यावर कशी झाकायची. आणि दोघांनीही चौरस फिरवला. दशम्यांच्या डब्यातल्या आजीचा नातू म्हणाला, "म्हणजे आपल्या देवळाचंच की हे." मुलगी म्हणाली, "आपल्या देवळाचं नाही, चौरसाचं." मी दोघांनाही काही बोलले नाही.

जूनच्या शेवटी माझी परतायची वेळ झाली. पाऊस पडून गेला होता, परसातलं देऊळ वाहून गेलं होतं, खुंट्या तेवढ्या उभ्या. आई वॉकर सोडून काठीवर आली होती. एका सकाळी म्हणाली, "मला देवळात जायचंय. त्याच. आणि मला धरायला ती पोरगी पायजे, तू नको, तू घाई करतेस."

मी त्या मुलीच्या आईला विचारायला गेले. तिने मशीन थांबवून मुलीकडे बघितलं आणि विचारलं, "जायचंय का तुला?" मुलगी म्हणाली, "छत बघायचंय." बस्स.

दोन पायऱ्या होत्या. आईने एका हातात काठी धरली, दुसरा हात तिच्या खांद्यावर. मी मागे चपला घेऊन. आत दोघं-तिघं होते, त्यांनी जागा करून दिली आणि आईच्या पायाची चौकशी केली. आईने नमस्कार केला. मुलीने वर बघितलं. बोटाने मोजत होती. एक, अर्धा, पाव. मग कमळ.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी लगेच ये म्हणायला हवं होतं." ती म्हणाली, "हो." नुसतं 'हो'. मुलं खोटं समाधान देत नाहीत ते बरं आहे.

तिची बारा गाठींची दोरी मी मागून घेतली. इथे पुण्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. वहिनी कळवते की भाच्याची भूमिती आता ठीक आहे, आणि मुलगी सातवीत सगळ्यांना काटकोन काढून देते. ओसरीवरचा वर्ग या सुट्टीत पुन्हा भरवायचाय. दादा, लाकडी कोनमापक परत केलास ना? नसशील तर ठेव.

असो. आईच्या पायाची चौकशी करणाऱ्या सगळ्यांना: आता काठीही सोडली आहे. अंगणात फेऱ्या मारते, एकाच त्रिज्येने.